प्रकाश-विघटनाचा समस्थानिक अभ्यास

पाण्यात मिसळलेले कीटकनाशक, तणनाशक किंवा औषधाचा अंश उन्हाने किती मोडला, हे त्याच्या रेणूंतल्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून ताडण्याची पद्धत. यात स्थिर, म्हणजे किरणोत्सारी नसलेली समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजतात. निसर्गातल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ सुमारे १.१ टक्के असतो, नायट्रोजनमध्ये नायट्रोजन-१५ जेमतेम ०.३७ टक्के.

खानदेशात या पद्धतीचे मोल पावसाळ्यात कळते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कपाशी-मक्याच्या शिवारात फवारणी होते, पाठोपाठ पाऊस येतो आणि नाल्यांचे पाणी गिरणा, पांझरा करत तापीला मिळते. फवारलेले औषध पुढे नदीत दहा टक्केच सापडले, तर बाकीचे मोडले की पुराने नुसते पातळ झाले? सांद्रता, म्हणजे पाण्यातले प्रमाण, मोजून हे उलगडत नाही, आणि घट दिसली की नदी स्वच्छ झाली असे मानणे धोक्याचे आहे.

हलक्या अणूंचे बंध सहसा किंचित लवकर तुटतात, त्यामुळे उरलेल्या रेणूंत जड अणूंचा वाटा वाढतो. समजा, एखाद्या विघटनाचा समृद्धी गुणांक (हलके-जड अणू किती वेगळे होतात याचे माप) उणे २ प्रति सहस्र आहे. ९० टक्के पदार्थ मोडला, तर उरलेल्याचे समस्थानिक मूल्य (जड-हलक्या अणूंच्या गुणोत्तराचे माप) सुमारे ४.६ प्रति सहस्रने चढते. तेवढीच घट पुराच्या पाण्याने झाली असेल, तर मूल्य जागचे हलत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र हा नियम कधी उलटतो. मक्यात तणनाशक म्हणून वापरले जाणारे अ‍ॅट्राझिन प्रयोगशाळेत थेट अतिनील प्रकाशाने मोडले, तेव्हा उरलेले रेणू हलके होत गेले; हायड्रॉक्सिल मूलकाने (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या अतिक्रियाशील कणाने) मोडताना ते जड झाले. विघटनाची वाट ओळखायला हा फरक फार कामाचा आहे. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातले फारच थोडे किरण अ‍ॅट्राझिन शोषते, म्हणून नदीत थेट विघटन मंद असते. युरियातून येणारे नायट्रेट आणि कुजलेल्या पाल्यातले ह्यूमिक पदार्थ ऊन शोषून मूलके तयार करतात, ती रेणूवर हल्ला करतात. सूक्ष्मजीवही तेच तणनाशक मोडत असतात. त्यांचा वाटा वेगळा काढायचा तर कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही मोजावे लागतात.

मेच्या अखेरीस जळगावला सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढग दाटतात आणि तापी गढूळ होते, तेव्हा प्रकाश वरच्या थरापलीकडे फारसा उतरत नाही. नेमके याच दिवसांत शेतातले औषध नदीत येते. म्हणून इथले नमुने पुरात एकदा आणि पाणी नितळल्यावर पुन्हा घेणे गरजेचे आहे.

नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून न्यावा लागतो, नाहीतर वाटेतच ऊन लागून विघटन चालू राहते. प्रयोगशाळेत पदार्थ वेगळा करून जाळतात आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड समस्थानिक-गुणोत्तर वस्तुमान वर्णपटमापीत मोजतात. प्रदूषक लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या घरात असेल, तर एका मोजणीसाठी अनेक लिटर पाणी आटवून घ्यावे किंवा गाळणीस्तंभातून न्यावे लागते.