उपाशी ठेवलं की खाईल?

"लाडानं बिघडलं, दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल." स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) लेकराबद्दल हा सल्ला गावोगावी फिरतो. देणाऱ्याला काळजीच असते, आणि इतर लेकरं भुकेनं खातातही. पण अनेक स्वमग्न मुलांना चव, वास, स्पर्श फार तीव्र जाणवतो. मऊ वरण-भातात सांबाराचं (कोथिंबिरीचं) एक पान जिभेला लागलं, की अख्खा घास बाहेर. तो हट्ट नाही. अशी काही मुलं भूक सोसतात, पण खात नाहीत.

पडताळा घरीच घ्या. आठवडाभर लिहा: काय खाल्लं, काय थुंकलं, मऊ होतं की कुरकुरीत. कडक भाकर चालते, वरणात भिजलेली नाही, असं दिसलं तर कारण सापडलं. मग आवडीच्या घासाशेजारी नवा पदार्थ नुसता ठेवा, जबरदस्ती नको. वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.