अ‍ॅलर्जी, कान-नाक-घशाची (मराठवाडा)

परागकण, धूळ, बुरशीचे बीजाणू हे पदार्थ एरवी निरुपद्रवी असतात. त्यांच्याविरुद्ध काही व्यक्तींच्या शरीरात आयजीई प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढील प्रत्येक संपर्कात हिस्टामिन व इतर रसायने बाहेर पडतात. त्यातून लागोपाठ शिंका, नाकातून पाणी, खाज आणि नाक चोंदणे ही लक्षणे दिसतात. मुख्य विकार नाकाचा असतो. कान व घसा बहुधा त्याच्यामागून येतात. नाकाच्या मागच्या बाजूस उघडणारी कर्णनलिका सुजली की कानात दडे बसतात आणि लहान मुलांत पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येते. मागे उतरणाऱ्या स्रावामुळे घसा खवखवतो.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी व हिंगोली या आठ जिल्ह्यांत त्रासाचे वेळापत्रक पिकांशी जोडलेले असते. पाऊस ओसरताना गाजर गवत फुलते, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी होते, मार्गशीर्ष-पौषात रब्बी ज्वारी निसवते. हवेतील परागकण व बीजाणूंच्या अभ्यासात या प्रदेशाचे स्थान मानाचे आहे. मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एस. टी. टिळक यांनी साधारणतः १९७० च्या सुमारास हवेचे सलग नमुने घेणारे यंत्र विकसित केले. ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून भारतभर वापरले गेले.

गाजर गवत (काँग्रेस गवत, पार्थेनियम हिस्टेरोफोरस) भारतात केव्हा आले याविषयी मतभेद आहेत. वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. पुण्यात १९५५ च्या सुमारास ती आढळल्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. पीएल-४८० या अन्नधान्य-मदत योजनेखाली अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असा समज तेव्हापासून रुजला. मात्र भारताने त्या योजनेचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला, म्हणजे पुण्यातील गवत त्याआधीचे ठरते. शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या कलकत्ता उद्यानाच्या १८१४ च्या सूचीत या वनस्पतीचे नाव असल्याकडे अलीकडील अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. उद्यानात लावलेले झाड आणि रानोमाळ पसरलेले तण यांत फरक करायला हवा. तेव्हा वनस्पतीचा प्रवेश जुना आणि झपाट्याचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, धान्याच्या वाहतुकीने कदाचित वाढलेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

वैद्यकीयदृष्ट्या या गवताचे दोन त्रास वेगळे ओळखावे लागतात. पार्थेनिन या रसायनामुळे त्वचेला येणारा इसब उशिरा उमटणाऱ्या प्रतिक्रियेचा असतो. त्यासाठी पाठीवर पट्टी लावून पॅच चाचणी करतात. परागातील प्रथिनांमुळे येणाऱ्या शिंका आयजीईमुळे असतात; त्यांना टोच चाचणी (स्किन प्रिक टेस्ट) लागते. एक चाचणी दुसरीची जागा घेऊ शकत नाही. जिनिंगमधील कापसाच्या धुळीने छाती आवळणे हाही निराळा व्यवसायजन्य विकार आहे. तो या अर्थाने अ‍ॅलर्जी नव्हे.

निदानाचा पाया म्हणजे रुग्णाची हकिगत: त्रास कोणत्या महिन्यात, शेतात की घरात, मळणीला की झाडलोट करताना. आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस आणि सलग चार आठवड्यांहून जास्त टिकणारा त्रास ‘सततचा’ धरतात. टोच चाचणीत हाताच्या आतील बाजूस संशयित पदार्थांच्या द्रावणाचे थेंब ठेवून टोचतात व पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजतात. ती निव्वळ द्रावकाच्या गांधीपेक्षा किमान ३ मिमी मोठी असावी लागते. सिट्रिझिनसारख्या हिस्टामिनविरोधी गोळ्या आधी साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी नकारार्थी येते. एकूण आयजीई जंतांमुळेही वाढते, म्हणून केवळ त्या आकड्यावर निदान करू नये. चाचणी सकारात्मक आली तरी हकिगतीशी जुळल्याशिवाय तिला अर्थ नाही; लांबलचक यादी पाहून वांगे, दही, केळी बंद करायला लावणे रुग्णावर अन्याय आहे.

उपचारात नाकात मारायचा स्टिरॉइड फवारा सर्वांत परिणामकारक. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या भिंतीकडे मारावा. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. हे न सांगितल्याने अनेक रुग्ण तो चार दिवसांत सोडतात. उलट, नाक तत्काळ मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब आठवड्याहून अधिक वापरल्यास नाक अधिकच चोंदते. दर हंगामात ‘सर्दीचे इंजेक्शन’ म्हणून स्टिरॉइड टोचून घेण्याची सवय घातक आहे: साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. मळणीच्या वेळी नाकातोंडाला घट्ट मास्क आणि घरी परतल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुणे याने औषधांची गरज कमी होते.

ठरावीक अ‍ॅलर्जनची (अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थाची) वाढती मात्रा देण्याचा उपचार १९११ मध्ये इंग्लंडात लिओनार्ड नून यांनी सुरू केला. तो तीन ते पाच वर्षे चालतो. प्रत्येक इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास दवाखान्यात थांबवणे अनिवार्य आहे. घसा सुजून आवाज बदलला वा श्वास अडकला तर मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन हाच पहिला उपाय.

बुरशीजन्य अ‍ॅलर्जिक सायनसदाहात नाकात कोंब (पॉलिप) व चिकट, दाट स्राव साठतो. त्यात गोळ्या पुरत नाहीत. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून सायनस साफ करावे लागतात आणि त्यानंतर स्टिरॉइड फवारा दीर्घकाळ चालू ठेवावा लागतो.