फोटोतला चेहरा कोणाकडे पाहून हसतो?

‘जरा हसा’ ही छायाचित्रकाराची सूचना मेंदूच्या नको त्या भागाकडे जाते. ती ऐकून माणूस हसतो तेव्हा स्नायूंना आदेश मिळतो तो मेंदूच्या पृष्ठभागावरील त्या पट्ट्याकडून, जो हात उचलणे किंवा मूठ वळणे यांसारख्या ऐच्छिक हालचाली घडवतो. आनंदाने आपोआप उमटणारे हसू मात्र भावनांशी निगडित असलेल्या, मेंदूच्या अधिक खोलवरच्या भागांतून वेगळ्या वाटेने येते. अर्धांगवायूच्या काही रुग्णांमध्ये या दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या दिसतात. डॉक्टरांनी दात दाखवायला सांगितले की त्यांच्या ओठांची एकच बाजू हलते. परंतु नातवाने काही गमतीचे बोलल्यावर तोच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा फुलतो. इजेची जागा वेगळी असेल, तर नेमके याच्या उलटही घडते. उसने हसू आणि खरे हसू यांतला फरक असा थेट शरीररचनेत आहे आणि व्यक्तिचित्र काढणाऱ्याचे निम्मे काम त्याच्याशी झुंजण्याचे असते.

हा फरक चेहऱ्यावर नेमका कुठे दिसतो, याचा पद्धतशीर शोध प्रथम घेतला तो गियोम द्युशेन या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाने, आणि त्यासाठी त्याने कॅमेऱ्याचीच मदत घेतली. चेहऱ्याची संवेदना जवळजवळ हरपलेल्या एका वृद्धाच्या एकेका स्नायूला विजेचा प्रवाह देऊन तो भाव उमटवत असे आणि त्यांची छायाचित्रे घेत असे. या कामात त्याला नादार या प्रख्यात छायाचित्रकाराच्या धाकट्या भावाचे, आद्रियाँ तूर्नाशाँचे साहाय्य मिळाले. 1862 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हसण्याचे दोन स्नायू वेगळे केलेले आहेत. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू मनात आणले की आखडता येतो. डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू मात्र खऱ्या आनंदातच सामील होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘चीज’ म्हणायला लावण्याची युक्ती इथेच तोकडी पडते, कारण ‘ई’ या स्वराने ओठ फाकतात, पण डोळ्यांपर्यंत काहीच पोहोचत नाही.

पुढील संशोधनाने या निष्कर्षाला मर्यादा घातली. बऱ्याच जणांना डोळ्याभोवतीचा स्नायूही मुद्दाम आखडता येतो, त्यामुळे डोळ्यांच्या कडेची सुरकुती हा खरेपणाचा पक्का पुरावा ठरत नाही. अधिक बोलकी असते ती हसण्याची गती. आपोआप आलेले हसू सावकाश चढते आणि सावकाश ओसरते. ठरवून आणलेले हसू झटकन येते. म्हणूनच ‘एक, दोन, तीन’ म्हणून घेतलेल्या फोटोत हसू असते, पण ते आधीच येऊन थांबलेले असते, आणि सेकंदाच्या 125 व्या भागाएवढा वेळ उघडणारे शटर नेमका तो थिजलेला क्षण टिपते.

एकोणिसाव्या शतकातील फोटोंत सहसा कोणी हसत नाही, याचेही एक कारण हेच आहे. सुरुवातीच्या काळात एका चित्राला अनेक सेकंद, कधी मिनिटेही लागत, आणि इतका वेळ कोणतेही हसू चेहऱ्यावर तग धरू शकत नाही. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे वैद्यक शिकलेले छायाचित्रकार तिच्या कामात होते. त्यांच्या पिढीला या स्तब्धतेतूनच माणूस दाखवावा लागला. त्या फोटोंमधील गंभीरपणाला आपण करारी स्वभाव म्हणतो, तेव्हा त्यातला काही वाटा रसायनांच्या मंदपणाचा असतो, हे विसरू नये.

आता शटर वेगवान झाले, तरी चेहऱ्याला प्रतिसाद द्यायला समोर दुसरा चेहरा लागतो. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ उल्फ डिम्बर्ग यांनी 1982 पासून केलेल्या प्रयोगांत लोकांच्या गालांवर आणि भुवयांजवळ विद्युत्संकेत मोजणारे इलेक्ट्रोड लावले होते. हसऱ्या चेहऱ्याचे चित्र दिसताच पाहणाऱ्याचा गालाचा स्नायू किंचित आखडत असे आणि रागीट चेहरा दिसताच भुवईचा. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत आणि पाहणाऱ्याच्या नकळत घडते. याचा छायाचित्रणाशी असलेला संबंध मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा डोळ्याला लावला की छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जातो. आतापर्यंत गप्पा मारणाऱ्या माणसाच्या जागी अचानक काळे भिंग येते आणि चेहऱ्याची ही देवाणघेवाण तुटते. अमेरिकी छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडन अमेरिकेच्या पश्चिम भागातील कामगारांची व्यक्तिचित्रे काढताना मोठ्या तिपाईवरच्या कॅमेऱ्याच्या मागे न राहता शेजारी उभे राहत, ते अशा वेळी नीट समजते.

प्रतिसाद दर वेळी गोडच असतो असे नाही. 30 डिसेंबर 1941 रोजी ओटावा येथे छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी विन्स्टन चर्चिल यांच्या तोंडातील सिगार पुढे होऊन काढून घेतली आणि कॅमेऱ्यापाशी परतताच चर्चिल यांच्या मुद्रेवरचा संताप टिपला. तो संताप युद्धाबद्दलचा नव्हता, कार्श यांच्याबद्दलचा होता. जगाने मात्र त्यात युद्धकाळातील निर्धार पाहिला.

कॅमेऱ्याचे अंतर हीदेखील प्रकाशशास्त्र आणि माणसांचे वागणे यांची एकत्र गोष्ट आहे. नाकाचा शेंडा कानांच्या साधारण 12 सेंटिमीटर पुढे असतो, असे धरू. नाकापासून 30 सेंटिमीटरवर कॅमेरा असेल तर कान 42 सेंटिमीटरवर पडतात, म्हणजे कानांच्या मानाने नाक 1.4 पट मोठे उमटते. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की हे प्रमाण 1.08 वर येते. हा परिणाम लेन्सचा नव्हे, अंतराचा असतो. 85 मिलिमीटरची लेन्स व्यक्तिचित्रासाठी आवडती ठरली, ती डोके आणि खांदे चौकटीत बसवायला छायाचित्रकाराला दीड-दोन मीटरवर उभे करते म्हणून. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये माणसे एकमेकांपासून किती अंतर राखतात याचे जे वर्गीकरण मांडले, त्यात सुमारे सव्वा मीटरच्या आतली जागा जवळच्या माणसांची आणि त्यापुढची कामाच्या ओळखीतल्या माणसांची असते. त्यांची मोजमापे अमेरिकी समाजातील होती आणि आपल्याकडे माणसे अधिक जवळ बसतात. तरीही अनोळखी छायाचित्रकार हातभर अंतरावर आला की खांदे आपोआप वर चढतात, हे कोणत्याही स्टुडिओत पाहायला मिळते.

मग करावे काय? निवृत्त झालेल्या एखाद्या आजोबांना खुर्चीवर बसवून हसायला सांगितले, तर त्यांचे लक्ष स्वतःच्याच ओठांवर जाते. ‘गिरणीत तुमच्याकडे कोणतं मशीन होतं, आजोबा?’ असे विचारले की लक्ष आठवणीकडे वळते, हात हवेत यंत्राचा आकार रेखू लागतात आणि चेहऱ्यावर पहारा ठेवायला फुरसत उरत नाही. बोलत असताना मात्र शटर दाबू नये, कारण उच्चारांमुळे ओठ वेडेवाकडे दिसतात. वाक्य संपल्यानंतर ओठ मिटतात, पण विचार डोळ्यांत अजून रेंगाळत असतो. तो क्षण साधावा. आणि मध्येच कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवण्याचा मोह टाळावा. माणसाला स्वतःचा चेहरा आरशातला, म्हणजे डावे-उजवे उलटलेला, सवयीचा असतो; 1977 मधील एका अभ्यासात लोकांनी स्वतःची आरशासारखी प्रतिमा पसंत केली, तर त्यांच्या मित्रांनी सरळ प्रतिमा. फोटो पाहून ‘मी असा दिसतो?’ असे एकदा मनात आले की पहारा पुन्हा सुरू होतो.

2007 मध्ये सोनीने हसू ओळखून आपोआप फोटो घेणारा कॅमेरा आणला. तो चेहऱ्याचा आकार ओळखतो. हसू कोणत्या वाटेने आले, हे त्याला कळत नाही. त्याहून उपयोगी ठरली ती अलीकडच्या कॅमेऱ्यांतील, समोरच्याच्या डोळ्यावर स्वतःहून फोकस धरून ठेवणारी सोय. कॅमेरा तिपाईवर लावून, रिमोट हातात घेऊन छायाचित्रकार आता भिंगाशेजारी बसू शकतो आणि गप्पा न तोडता शटर दाबू शकतो.