इंग्रजीतील भाषाभेदांचा अभ्यास

इंग्रजी प्रदेशागणिक कशी बदलते आणि एकाच प्रदेशात, किंबहुना एकाच माणसाच्या तोंडी, प्रसंगागणिक कशी बदलते, याचा शोध घेणारे भाषाविज्ञानाचे क्षेत्र. पहिल्या भेदाला बोली आणि दुसऱ्याला प्रयुक्ती म्हणतात. बोलीवरून बोलणारा कुठला ते कळते. प्रयुक्तीवरून तो त्या घटकेला कुणाशी, कशासाठी बोलतो आहे ते कळते. प्रत्यक्ष बोलण्यात हे दोन्ही भेद एकमेकांत मिसळलेले असतात आणि ते वेगळे काढणे हेच या अभ्यासातले सर्वांत अवघड काम आहे. मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी नांदणाऱ्या नागपुरात त्याचा प्रत्यय पदोपदी येतो.

आरंभीच्या अभ्यासकांचे लक्ष खेड्यांकडे होते. जोसेफ राइट यांचा इंग्रजी बोलींचा सहा खंडी कोश १८९८ ते १९०५ या काळात प्रसिद्ध झाला. पुढे हॅरल्ड ऑर्टन आणि ऑयगेन डीट यांच्या पाहणीत १९५० ते १९६१ दरम्यान ३१३ ठिकाणी, मुख्यतः वयस्क ग्रामस्थांना, तेराशेहून अधिक प्रश्न विचारले गेले. या पाहणीतून गावागावांतला फरक नकाशावर आला. तोच ग्रामस्थ पाहुण्यापुढे आणि गोठ्यात वेगळे बोलतो का, हा प्रश्न मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिला. विल्यम लबाव यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत तो विचारात घेतला. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असे ते विक्रेत्यांना विचारत आणि उत्तर ऐकू न आल्यासारखे करून तेच पुन्हा वदवून घेत. ‘फोर्थ फ्लोअर’मधला र महागड्या दुकानात जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात कमी, आणि दुसऱ्यांदा, सावकाश उच्चारताना, एकूणच वाढला. इतक्या साध्या युक्तीने सामाजिक स्तर आणि प्रसंग दोन्ही एकाच वेळी मोजले गेले, म्हणून हा प्रयोग आजही आवर्जून शिकवण्यासारखा आहे.

याच र-च्या बाबतीत नागपूरचा कानोसा घेण्याजोगा आहे. मराठी माणूस ‘फोर्थ’ लिहिताना रफार देतो आणि बोलतानाही तो र सहसा सोडत नाही. दक्षिण इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चारात हा र गळतो, म्हणून आपल्याकडे तो अशुद्ध ठरवला जातो. पण स्कॉटलंडच्या आणि बहुतांश अमेरिकेच्या इंग्रजीत तो आहेच. ज्यांच्या नावाने नागपुरात १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज सुरू झाले, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटिशच होते.

दुसरा नमुना दुकानांच्या पाट्यांवर दिसतो. मराठी पाटीवर ‘सर्व्हिस सेंटर’ असते, हिंदी पाटीवर ‘सर्विस सेंटर’. ‘व्हॅन’मधल्या आणि ‘वॉच’मधल्या इंग्रजी ध्वनींसाठी मराठी लेखन ‘व्ह’ आणि ‘व’ असा भेद करते. हिंदी लेखन दोन्हीकडे ‘व’ वापरते. घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या नागपूरकराच्या इंग्रजी उच्चारात हा भेद कितपत उतरतो, हे पाटी वाचून नव्हे, ध्वनिमुद्रण करूनच ठरवावे लागेल.

प्रयुक्तीच्या विश्लेषणासाठी मायकेल हॅलिडे यांची विषयक्षेत्र, परस्परसंबंध आणि माध्यम ही तीन अंगे उपयोगी पडतात. सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकील ‘लर्नेड कौन्सेल फॉर द रिस्पॉन्डंट’ असा समोरच्या पक्षाच्या वकिलाचा उल्लेख करतो आणि याचिकेतील मागण्यांना ‘प्रेअर’ म्हणतो. थोड्या वेळाने तोच कँटीनमध्ये सहकाऱ्याला सांगतो, “मॅटर आज रीचच नाही झालं, बोर्ड खूप मोठा होता.” विषयक्षेत्र तेच, बदलला तो परस्परसंबंध, आणि त्याबरोबर व्याकरणाचा सांगाडा मराठी झाला. ‘रीच’ (प्रकरणाची पाळी येणे), ‘बोर्ड’ (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) हे शब्द मात्र न्यायालयीन अर्थासह जसेच्या तसे राहिले. अशा वाक्याला कच्चे इंग्रजी म्हणून बाजूला टाकणारा अभ्यासक हातचा पुरावाच घालवतो.

भारतीय इंग्रजीला स्वतंत्र अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून देण्यात ब्रज काचरू यांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९७८ मधील छापील भारतीय इंग्रजीचा सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीच्या तशाच संग्रहांशी तो ताडून पाहता येतो. त्यात बोललेली भाषा नाही, ही त्याची मर्यादा. नागपुरातल्या छापील इंग्रजीसाठी १९११ पासूनच्या ‘हितवाद’ या इंग्रजी वृत्तपत्राचे जुने अंक हे मोलाचे साधन ठरू शकते.

प्रादेशिक कारण सुचवताना मात्र घाई नडते. नागपुरी मराठीत ‘तो काय करून राहिला?’ असा चालू क्रियेचा प्रयोग सर्रास होतो, आणि ‘आय नो हिम’ऐवजी ‘आय अॅम नोइंग हिम’ यांसारखी चालू काळातली वाक्ये भारतीय इंग्रजीत आढळतात. दोन्ही जोडून पाहण्याचा मोह होतो. पण अशी इंग्रजी वाक्ये ‘करून राहिला’ न म्हणणाऱ्या प्रांतांतही ऐकू येतात. नागपूरच्या नमुन्याशेजारी पुण्याचा, रायपूरचा आणि चेन्नईचा नमुना, तोही सारख्याच प्रसंगातला, ठेवून मोजणी केल्यावरच यात नागपुरीचा वाटा किती हे सांगता येईल.