वार (पोटातल्या बाळाला आईशी जोडणारा अवयव, प्लॅसेंटा) सगळं विष अडवते? नाही हो!

"आईला काही त्रास नाही ना, मग पोटातलं बाळ सेफच, वार विष गाळून घेते" हे अजूनही ऐकू येतं, आणि एकेकाळी डॉक्टरपण असंच मानायचे बरं का. जपानमधल्या मिनामातात ते खोटं ठरलं. चिस्सो कंपनीचं पारावालं सांडपाणी समुद्रात, तिथून माशांत, मासे खाणाऱ्या माणसांत, १९५६ ला आजार उघडकीस आला, पण कितीतरी आया वरकरणी ठणठणीत आणि बाळांना साधी मान धरता येईना. पोटातच विषबाधा झाली हे मान्य व्हायला १९६२ उजाडलं! मिथाइल मर्क्युरी (त्या सांडपाण्यातलं पाऱ्याचं विषारी रूप) वार आरामात पार करतो, उलट आईपेक्षा बाळाच्या रक्तात जास्त साठतो. तिकडे सुकवलेली नाळ डबीत जपून ठेवायची पद्धत, पुढे त्या नाळांमध्येच हा मर्क्युरी सापडला. म्हणून गरोदरपणी जास्त पारा साठवणारी मुशी (शार्क) टाळा, बांगडा-तारली चालते.