टाइपरायटरचा कीबोर्ड, तोही मराठीत

2007 मध्ये जेक व्हॉन स्लॅट या टोपणनावाच्या अमेरिकन कारागिराने आयबीएमचा 'मॉडेल एम' कीबोर्ड घेतला, त्याच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढल्या आणि तिथे जुन्या टाइपरायटरची गोल बटणं बसवली. भोवती पितळेची चौकट. वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात संगणक असता तर कसा दिसला असता, असा हा 'स्टीमपंक' नावाचा शौक. दिसायला झकास, पण आतला कीबोर्ड नेहमीचाच, आणि बटणांसाठी एका टाइपरायटरचा बळी. वर दातेरी चाकं चिकटवलेले संगणक तर मला विनोदीच वाटतात. ती चाकं काहीच फिरवत नाहीत.

फिलाडेल्फियाच्या जॅक झिल्किनने काढलेली वाट मला जास्त पटते. त्याच्या यूएसबी टाइपरायटरमध्ये मूळ यंत्र शाबूत राहतं, कागदावर अक्षरंही उमटतात. बटण दाबलं की त्याची दांडी खाली येते. तिथे धातूचे संपर्क बसवायचे, म्हणजे दांडी आली की विद्युतमंडल पूर्ण होतं आणि कुठली दांडी आली ते मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, मोठ्या संगणकाला कळवतो. गंमत अशी, की धातू धातूला टेकताना क्षणभर थरथरतो. मायक्रोकंट्रोलर इतका चपळ, की त्याला एकाच 'क'चे चार 'क' दिसतात. म्हणून पहिल्या स्पर्शानंतर काही मिलिसेकंद कानाडोळा करायला त्याला शिकवावं लागतं. एंटरसाठी कॅरेजवर, म्हणजे कागद धरून सरकणाऱ्या भागावर, छोटं चुंबक लावायचं आणि चुंबक जवळ आलं की मिटणारा रीड स्विच यंत्राच्या अंगावर. बॅकस्पेसची मात्र पंचाईत होते: पडद्यावर अक्षर पुसलं जातं, कागदावर कॅरेज नुसती एक घर मागे सरकते.

आपल्याकडे यासाठी यंत्रं मिळतात. गोदरेजने मुंबईत 1955 मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, ती 2009 पर्यंत चालली. बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधली यंत्रं आता जुन्या बाजारात येतात. पण मराठी यंत्र हाती लागलं तर खरं काम संपर्क जोडल्यावर सुरू होतं.

कारण टाइपरायटरला भाषा कळत नाही, फक्त आकार कळतात. कागदावर जे आधी दिसतं ते आधी ठोकायचं. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, मग क. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या संकेतपद्धतीत, उलट: आधी क, मग वेलांटी, कारण तिथे उच्चाराचा क्रम पाळतात. रफाराची तऱ्हा याच्या विरुद्ध. 'धर्म' लिहिताना यंत्रावर म ठोकून झाल्यावर रफार येतो, युनिकोडमध्ये मात्र र् आधी आणि म नंतर. शिवाय बटणं मोजकीच, म्हणून भ, ध अशी अक्षरं अर्ध्या अक्षराला काना जोडून होतात. पहिला काना अक्षराचा, दुसरा स्वराचा. म्हणजे सॉफ्टवेअरने वेलांटी हाती आली की ती धरून ठेवायची, पुढचं अक्षर पुरं झाल्यावरच सोडायची. रफार आला की मागे जाऊन घुसवायचा.

रेमिंग्टन पद्धतीची, म्हणजे टाइपरायटरच्याच बटणरचनेची, मराठी कीबोर्ड सॉफ्टवेअरं ही उलटापालट आधीपासून करतात, तेव्हा सगळं स्वतः लिहीत बसू नये. जोडणी झाली की चाचणीला 'भाविक' लिहून पाहावं: अर्धा भ, काना, काना, वेलांटी, व, क. सहा ठोके. पडद्यामागे पाचच युनिकोड चिन्हं उमटली, तर यंत्राला मराठी जमलं.