थायमस पेप्टाइडे

थायमस किंवा यौवनलोपी ग्रंथीच्या अर्कातून प्रथम वेगळ्या केलेल्या लहान प्रथिनांचा आणि त्यांच्या कृत्रिम नकलांचा गट. ‘इम्युनिटीची इंजेक्शने’ म्हणून त्यांची जाहिरात एकत्रच होते. प्रत्यक्षात त्यांची रचना, काम आणि पुरावा यांत फार अंतर आहे. करोनानंतर कोल्हापुरात ‘इम्युनिटी’ हा शब्द किराणा दुकानापासून तालमीपर्यंत पोचला आहे. त्यामुळे कोणते द्रव्य कशासाठी, हे इथल्या वाचकासाठी वेगवेगळे सांगायला हवे.

ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असते. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी येथे टी-पेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणून तयार होतात आणि स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या पेशी बहुतांशी येथेच बाद होतात. वयात आल्यावर ग्रंथी आक्रसते आणि तिची जागा चरबी घेते. तिचे महत्त्व जाक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. तरीही मोठ्या माणसात ती निरुपयोगीच, असा समज टिकून राहिला. हृदयाच्या शस्त्रक्रियेत आड येते म्हणून ती काढूनही टाकली जाते. २०२३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अभ्यासात या समजाला तडा गेला. ग्रंथी काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले, तर तशीच शस्त्रक्रिया होऊनही ग्रंथी शाबूत राहिलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते. पण ग्रंथी गेल्याने तोटा होतो म्हणून तिच्यातला एखादा रेणू टोचून तो भरून निघतो, असे मुळीच नाही. जाहिरातींची उडी मात्र नेमकी तिथेच असते.

अर्कांचा आधुनिक इतिहास १९६६ पासून सुरू होतो. ॲलन गोल्डस्टीन आणि अब्राहम व्हाइट यांनी वासराच्या ग्रंथीतून ‘थायमोसिन’ वेगळे केले. पुढे आलेला त्याचा ‘पाचवा अंश’ हे डझनावारी पेप्टाइडांचे मिश्रण होते. सोव्हिएत रशियात विकसित झालेले थायमालिनही वासरांच्याच ग्रंथीचे. अशा अर्कात प्रत्येक घाण्यागणिक घटकांचे प्रमाण बदलू शकते आणि गुरांच्या मेंदूच्या संसर्गजन्य रोगाची धास्तीही राहते. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी कायदा लागू आहे आणि अनेक घरांत हा श्रद्धेचाही प्रश्न आहे. ‘नैसर्गिक थायमस अर्क’ एवढेच लिहिलेल्या कॅप्सुलच्या डबीवर प्राण्याचे नाव शोधावे, ते या दोन्ही कारणांनी.

गटातले सर्वांत अभ्यासलेले द्रव्य म्हणजे थायमोसिन आल्फा-१. ते २८ ॲमिनो अम्लांचे (प्रथिनांचे मूळ घटक) आहे आणि त्याचा क्रम १९७७ मध्ये उलगडला. आज ते पूर्णपणे कृत्रिमरीत्या बनते, त्यात वासराचा अंश नसतो. औषध म्हणून त्याचे नाव थायमाल्फासिन. कुपीत १.६ मिलिग्रॅम पांढरी भुकटी असते. ती निर्जंतुक पाण्यात विरघळवून त्वचेखाली टोचतात, नेहमीच्या उपचारात आठवड्यातून दोनदा. रक्तात ते जेमतेम दोन तासांत निम्मे होते. परिणाम त्याहून लांबतो, कारण ते रोगजंतूंची खबर देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींवरील टोल-सदृश ग्राहकांना (जंतू ओळखणाऱ्या रेणूंना) चाळवते आणि पुढची साखळी त्या पेशी चालवतात. इटली, चीन यांसह तीसहून अधिक देशांत त्याला मुख्यतः हेपॅटायटिस बी आणि सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारांसाठी मान्यता मिळाली. अमेरिकेत ती नाही. हेपॅटायटिस बीमध्ये त्याचा गुण बेताचाच आणि बहुधा उपचार संपल्यावर उशिरा दिसतो. त्या आजारात आता टेनोफोविर, एंटेकाविर या गोळ्यांवर भिस्त आहे, आणि हेपॅटायटिस सीमध्ये थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्यांनी या इंजेक्शनची गरजच उरू दिली नाही.

सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात त्या जीवघेण्या अवस्थेत, त्याच्याकडून मोठी आशा होती. २०१३ च्या एका चिनी चाचणीने ती वाढवली. मग ‘टेस्ट्स’ नावाची मोठी चाचणी झाली. २२ केंद्रांतील सुमारे ११०० रुग्णांच्या या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण औषध घेतलेल्यांत २३.४ टक्के आणि नुसते द्रावण घेतलेल्यांत २४.१ टक्के निघाले, म्हणजे फरक नाही म्हणावा इतकाच. गटातल्या सर्वांत भक्कम द्रव्याची ही गत, तर धडधाकट माणसाने सर्दी-पडसे टळावे म्हणून ते टोचून घेण्याला आधार कुठून आणायचा?

थायमुलिन नऊ ॲमिनो अम्लांचे आहे. ते फ्रान्समध्ये झाँ-फ्रान्स्वा बाक यांच्या गटाने शोधले. जस्ताचा अणू जोडला गेल्याशिवाय ते कामच करत नाही. शरीरात जस्त कमी पडले की त्याची क्रियाशीलता घटते आणि कमतरता भरली की परत येते. मटण, तीळ, हरभरा यांत जस्त असते. पांढऱ्या रश्श्याच्या वाटणात तीळ घालणाऱ्या घरांना ते वेगळे शोधावे लागत नाही. कमतरता नसताना जस्ताच्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तर उलट तांबे कमी पडते.

थायमोपेंटिन हा थायमोपोएटिन या थायमसमधल्याच प्रथिनाचा पाच अम्लांचा तुकडा. रक्तात तो अर्धा मिनिटच टिकतो. तो गिडियन गोल्डस्टीन यांच्या कामातून आला. वरचे ॲलन गोल्डस्टीन वेगळे.

कोल्हापूरच्या दृष्टीने सर्वांत घोटाळ्याचे द्रव्य थायमोसिन बीटा-४ हे आहे. नाव थायमसचे असले तरी ४३ अम्लांचे हे पेप्टाइड शरीरातल्या जवळपास सर्व पेशींत सापडते. त्याचे मुख्य काम पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन हे प्रथिन धरून ठेवणे, टी-पेशी घडवणे नव्हे. त्याच्या एका तुकड्याची नक्कल ‘टीबी-५००’ नावाने विकली जाते; क्षयरोगाशी तिचा काही संबंध नाही. खांदा निखळणे, गुडघ्याची गादी फाटणे ही कुस्तीतली नेहमीची दुखणी. ती लवकर भरतात असा विक्रेत्यांचा दावा असतो, पण माणसांवरील भरवशाच्या चाचण्या त्यामागे नाहीत. जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेच्या यादीत बीटा-४ आणि टीबी-५०० दोन्ही बंदी घातलेली आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील एसेंडन फुटबॉल क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर याच बीटा-४ पायी बंदी आली. खासबागच्या मैदानातून राष्ट्रीय संघाची स्वप्ने पाहणाऱ्या मल्लाने वस्तादांना न सांगता असली कुपी घेऊ नये, आणि वस्तादांनीही ‘इम्युनिटीचे आहे’ एवढ्यावर मान डोलावू नये.

इंटरनेटवर मिळणाऱ्या कुप्यांवर अनेकदा ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापलेले असते. तो शिक्का विक्रेत्याला वाचवतो, टोचून घेणाऱ्याला नाही. आत किती पेप्टाइड आहे, ते निर्जंतुक आहे का, याची हमी कोणीच देत नाही. थायमाल्फासिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. एप्रिलच्या उन्हात बर्फाशिवाय कुरिअरने आलेल्या पाकिटाकडून काय अपेक्षा करावी?

वारंवार ताप, फोड किंवा न्यूमोनिया होत असेल तर आधी रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, एचआयव्ही आणि क्षयरोग यांच्या तपासण्या होतात. दसरा चौकाजवळच्या सीपीआर रुग्णालयात त्या होतात आणि तिथे एचआयव्हीवरील औषधोपचाराचे एआरटी केंद्रही आहे. मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाची रोगप्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, आणि ल्युपससारख्या आजारात ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली असते. अशांनी यांतले कोणतेही इंजेक्शन उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय घेऊ नये.